तिथीची पाऊणपट

ठाण्याच्या उत्तरेस खाडीच्या काठी कोलशेत हे जुने गाव आहे. गावाभोवती आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी खाडीचे पाणी पूर्वीप्रमाणेच दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. होडी केव्हा लोटावी, जाळे केव्हा टाकावे, हे खाडीत मासेमारी करणाऱ्याला त्या पाण्यालाच विचारावे लागते.

आज भरतीची वेळ मोबाइलवर क्षणात कळते. पूर्वी आपल्या किनाऱ्यावरील लोक काय करीत? ते तिथी आठवीत व तिची पाऊणपट करीत. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीला ती सहाच्या सुमारास. चंद्र रोज साधारण 50 मिनिटे उशिरा उगवतो व त्याच्याबरोबर भरतीही मागे सरते. हे निसर्गाचे गणित आपल्या पूर्वजांनी पाऊणकीत बसवले. खाडीत आतवर पाणी पोचण्यास वेळ लागतो. म्हणून आतील गावांनी त्यात थोडी भर घालावी.

कोणी म्हणेल, “हा तर नुसता अंदाज! यंत्र मिनिटाचाही हिशेब देते.” हे खरे आहे. समुद्रात जाणाऱ्याने यंत्राची व हवामानखात्याच्या इशाऱ्याची मदत अवश्य घ्यावी. परंतु 26 जुलै 2005 रोजी काय घडले, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्या वेळी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच समुद्राला भरती आली आणि पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळेना. अनेक ठिकाणी वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. अशा वेळी ओहोटी केव्हा लागेल, हे ज्याला मनाशी मोजता येते, तो स्वतः धीर धरतो व इतरांनाही देतो.

मुलांनो, मोबाइल टाकून द्या, असे मी म्हणत नाही. पण जी विद्या एका पिढीने वापरली नाही, ती पुढच्या पिढीला सांगणार कोण? आज घरी आजीला तिथी विचारा, तिची पाऊणपट करा आणि मग मोबाइलवरील वेळ पाहा. दोन्हींत थोडेच अंतर दिसेल. मात्र त्यांतील एक उत्तर तुमचे स्वतःचे असेल, आणि ते कोणत्याही अंधारात तुमच्याजवळ राहील.