वाणीचा व्यापार

संस्कृत नाटकांतील कंचुकी राजवाडा सोडून बाजारांत पेढी थाटतांना आम्हीं कधीं पाहिला नाहीं. अमेरिकेंत मात्र तसें घडलें. आरी फ्लायशर हे २००१ पासून जुलै २००३ पर्यंत धाकट्या बुशसाहेबांचे वृत्तपत्र-सचिव होते. पुढें त्यांनीं, खेळाडूंनीं वार्ताहरांपुढें कसें बोलावें हें शिकविण्याचा स्वतःचा धंदा मांडला.

बेसबॉलपटू मार्क मॅग्वायर यानें २००५ सालीं काँग्रेसच्या समितीपुढें भूतकाळाविषयीं बोलण्याचें नाकारलें होतें. जानेवारी २०१० मध्यें त्यानें उत्तेजक औषधें घेतल्याचें कबूल केलें, तें फ्लायशर यांच्या सल्ल्यानें. जवळजवळ ५ वर्षें दाबलेलें सत्य वदविण्यास पगारी सल्लागार लागावा, याचें आम्हांस प्रथम हंसूं आलें. पण चुकलेल्या मुलाच्या तोंडीं कबुलीचे शब्द आम्हींही कित्येकदां घातले आहेत, आणि तेही पगार घेऊनच.