मशीनची वही आहे, माणसाची नाही



क्रशरवर कामाला जाणाऱ्यांना हे रोजचंच आहे. सकाळी डबराचा पहिला डंपर रिकामा व्हायच्या आधी अर्धा-पाऊण तास मशीनची सेवा चालते. मिस्त्री ग्रीस गन घेऊन बेरिंगला ग्रीस मारतो. हेल्पर पाना घेऊन जबड्याच्या प्लेटांचे बोल्ट आवळतो, कारण प्लेट ढिली राहिली की मागचं लोखंड खाऊन टाकते. पट्टे दाबून ताण बघतात. चाळणीची जाळी फाटलीय का, कन्व्हेयरचा एखादा रोलर अडकलाय का, तेही बघतात. मग मशीन रिकामं फिरवून आवाज ऐकतात आणि मगच दगड टाकतात. संध्याकाळी जबडा रिकामा झाल्याशिवाय बंद करत नाहीत. फोरमन सगळं वहीत लिहितो. किती तास चाललं, ग्रीस कधी दिलं, प्लेट कधी उलटी केली.

हे चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. मशीनची निगा राखलीच पाहिजे. ढिला बोल्ट नाहीतर तुटका पट्टा मशीनला नडतो, तसा बाजूला उभ्या माणसालाही लागतो. माझं म्हणणं एवढंच की ही निगा अर्धीच होते. ज्या भागाने मालकाचं उत्पादन थांबतं तो भाग रोज तपासला जातो. ज्या भागाने आपला माणूस कायमचा बसतो, तो कोणी तपासत नाही.

पुलीवरची लोखंडी जाळीच घ्या. ग्रीस मारायला जाळी काढतात, परत लावायला वेळ लागतो म्हणून ती शेडमागे पडून राहते. कन्व्हेयरच्या शेपटाकडे खडी सांडते, ती चालू पट्ट्याखालून फावड्याने ओढायला बायांना नाहीतर पोरांना पाठवतात. आपल्याच एका पाड्यावरच्या पोराचा हात असाच पुलीत गेला. मालक म्हणाला, चालू पट्ट्याजवळ गेलाच कशाला? गेला, कारण मुकादमाने सांगितलं होतं, साफ कर. दवाखान्याचा पहिला खर्च मिळाला, पुढे गेट बंद. हजेरीत त्याचं नावच नव्हतं.

दुसरी गोष्ट धुळीची. जबड्यावर, चाळणीवर, पट्टा जिथे खडी टाकतो तिथे पाण्याचे फवारे असतात. निदान तपासणीला साहेब येतो त्या दिवशी असतात. एरवी तोंडात चिखल बसून ते बंद. फवाऱ्याची तोटी काढून धुवायला पाच-दहा मिनिटं लागतात. पण पाणी टँकरने आणावं लागतं, आणि ओल्या कचीने चाळणीची भोकं बुजतात, म्हणून फवारा बंद ठेवण्यात मालकाचा फायदा. गंमत बघा, हीच धूळ बेरिंगमध्ये जाऊन ग्रीस खराब करते. तिथे मालक ग्रीस बदलतो. आपल्या छातीतलं कोण बदलणार?

नर्मदेपलीकडच्या आपल्या भाऊबंदांचं काय झालं ते विसरू नका. अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी मजूर गुजरातमध्ये गोध्रा-बालासिनोरकडे गारेचा दगड दळायच्या कारखान्यांत गेले. ती धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. त्याला औषध नाही, आणि पुष्कळदा टीबी समजून भलतेच उपचार चालतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 साली 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या असं सांगितलं. सुप्रीम कोर्टाचा आदेश व्हायला 2016 उजाडलं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात गारेइतकी सिलिका नसते, हे खरं आहे. पण म्हणून ही धूळ छातीला मानवते असं कोणी समजू नये. आणि ती फक्त मजुरावर बसत नाही. शेजारच्या वनपट्ट्यावरच्या ज्वारी-तुरीवर, विहिरीवर, पाळण्यातल्या लेकरावरही बसते.

कायदा काय म्हणतो? फिरत्या भागांना जाळी हवी, असं 2025 पर्यंत लागू असलेला कारखाना कायदा 1948 सांगत होता. ज्या साफसफाईत चालू मशीनने इजा होऊ शकते, त्या कामाला बाया आणि अठरा वर्षांखालची पोरं लावायची नाहीत, हेही त्यात होतं. पर्यावरण संरक्षण नियमांत क्रशरसाठी वेगळी कलमं आहेत: धूळ झाकणं आणि दाबणं, वारा अडवणारी भिंत, आतला रस्ता पक्का, जमीन झाडून ओली ठेवणं, कडेने झाडं. यातलं किती आपल्या क्रशरवर आहे, तुम्हीच मोजा.

आपल्यातच दोन मतं आहेत, ती लपवायची गरज नाही. काही साथी म्हणतात, डोंगर पोखरणाऱ्या मशीनच्या निगेची चर्चा आपण का करायची? क्रशर बंदच पाहिजे. काही म्हणतात, पावसाळ्यानंतर तिथलाच रोज घरात येतो, नाहीतर सुरतेकडे जावं लागतं. मला दोन्ही खरी वाटतात. डोंगर ठेवायचा की फोडायचा, हे गावाने बसून ठरवावं. पण ते ठरेपर्यंत आपली माणसं रोज सकाळी त्या गेटातून आत जातात. त्यांचा हात आणि छाती वाचवणं याला लढाई सोडणं म्हणत नाहीत. उलट जो मजूर मशीन थांबवायला लावू शकतो, तोच उद्या पट्ट्याच्या नूतनीकरणाला ग्रामसभेत उभा राहून बोलेल.

1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. या ‘किंवा’मधूनच वरच्या वर कागद निघतो. म्हणून ग्रामसभेने आपला ठराव आधीच करून ठेवावा. त्यात या अटी असाव्यात असं माझं मत आहे:

1. सकाळच्या तपासणीत जाळ्या आणि फवारे यांचाही समावेश हवा. जाळी बसलेली नसेल, फवारा चालत नसेल, तर मशीन सुरू करायचं नाही.

2. साफसफाई, ग्रीस, बोल्ट ही कामं मशीन पूर्ण थांबवून आणि मेन स्विच काढूनच. ज्याचा हात आत आहे, तो बाहेर येऊन हो म्हणेपर्यंत कोणी स्विचला हात लावायचा नाही.

3. प्रत्येक मजुराचं नाव हजेरीत आणि हजेरीची नक्कल मजुराकडे.

4. वर्षातून एकदा छातीची तपासणी, एक्स-रेसह, मालकाच्या खर्चाने. कागद मजुराच्या हातात.

मालक देईल तेव्हा देईल. तोवर आपली वही आपण घालू. शंभर पानी वही घ्या. तारीख, कोण कोण कामावर होतं, फवारा चालू की बंद, जाळी होती की नव्हती, कोणाला लागलं, एवढंच रोज लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगावं. गोध्र्याच्या मजुरांना आपण तिथे कामाला होतो हे सिद्ध करता करता नाकी नऊ आले. आपल्यावर ती पाळी येऊ नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली वही घेऊन यावं. कोरी असेल तरी चालेल, तिथे बसून सुरू करू.

जिंदाबाद!