अणुभट्टीचं वय वर्षांत मोजू नका

चंडीगडच्या सेक्टर एकमध्ये कॉर्बुझिएच्या उघड्या काँक्रीटच्या इमारती पाहताना मला नेहमी आतली सळी आठवते. काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत जातो, सळीचं कवच जातं, ती गंजून फुगते आणि वरचा पोपडा सुटतो. पोपडा दिसतो तेव्हा आतला गंज जुना झालेला असतो. अणुभट्टीतली झीजही अशीच आतून वाढते. याच शहरातून ज्या हरियाणाचा कारभार चालतो, तिथे फतेहाबाद जिल्ह्यातल्या गोरखपूरला 700 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्यांचा प्रकल्प आहे. 2014 च्या जानेवारीत त्याची पायाभरणी झाली. महाराष्ट्रात तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 पासूनच्या. एक प्रकल्प घडतो आहे, दुसरा पन्नाशी ओलांडून गेला आहे. दोन्हींबद्दलचा वाद मात्र एकाच चुकीच्या प्रश्नावर अडून बसतो: भट्टी किती वर्षांची?

पहिला पक्ष म्हणतो, जुनी भट्टी म्हणजे धोका. ती बंदच करा. या म्हणण्यामागची काळजी खरी आहे. तारापूर-3 आणि 4 साठी ज्यांची गावं उठली, त्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना ती करण्याचा पुरेपूर अधिकार आहे. पण निष्कर्ष टिकत नाही. फ्रान्समध्ये 2021 च्या अखेरीस सुरक्षा-यंत्रणेच्या नळांत ताण-क्षरणाच्या भेगा सापडल्या, त्या सिव्होच्या भट्टीत, म्हणजे तेव्हा तिथे चालू असलेल्या सर्वांत नव्या मालिकेत. जुन्या 900 मेगावॉटच्या भट्ट्यांना त्याची झळ तुलनेने कमी लागली, कारण नळांची मांडणी वेगळी होती. आपल्याकडे गुजरातेत काक्रापारच्या पहिल्या भट्टीत 11 मार्च 2016 ला शीतक-नलिका गळली, तेव्हा ती जेमतेम तेवीस वर्षं वीज देत होती. दाब-नलिकेच्या बाहेरच्या अंगाला गंजाचे डाग पडले होते आणि त्याचं मूळ नलिकेभोवती खेळवलेल्या वायूतल्या अशुद्धीत होतं. अशा दोषाला जन्मतारीख विचारून काय उपयोग?

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाला आहे: इतकी वर्षं चालली ना, मग चालतंय त्याला हात कशाला लावता? हे मत मला अधिक घातक वाटतं, कारण ते अनुभवाचं सोंग घेऊन येतं. अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात हवेच्या मापकाचे फिल्टर गंजाच्या बारीक कणांनी तुंबत होते. ते पुन्हा पुन्हा बदलले गेले, पण गंज येतो कुठून याचा छडा लागला नाही. 2002 च्या मार्चमध्ये उलगडा झाला. भेगेतून झिरपलेल्या बोरिक आम्लाने भट्टीच्या झाकणाचं सोळा सेंटिमीटरहून जाड पोलाद एका जागी आरपार खाल्लं होतं. आतला दाब थोपवून धरला होता तो सेंटिमीटरभरही न भरणाऱ्या स्टेनलेसच्या अस्तराने. थांबवली जाईपर्यंत तीही ‘चालणारी’ भट्टीच होती.

तिसरा पक्ष सुशिक्षितांचा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची नियमावली आणा, मार्गदर्शिका लागू करा, प्रश्न मिटला. त्या संस्थेने 2010 पासून जगभरच्या केंद्रांचे जीर्णतेचे अनुभव एकत्र करायला घेतले, हे मोलाचं काम आहे. पण कागद आपण होऊन नळाची जाडी मोजत नाही. 1986 साली अमेरिकेतल्या सरी केंद्रात वाहत्या पाण्याने आतून झिजवलेला नळ फुटला आणि चार माणसं गेली. साऱ्या जगाने ते वाचलं. तरीही 2004 च्या ऑगस्टमध्ये जपानच्या मिहामा केंद्रात त्याच कारणाने नळ फुटून पाच कामगार दगावले. दहा मिलिमीटर जाडीचा तो नळ काही ठिकाणी दीड मिलिमीटरही उरला नव्हता. 1976 पासून ती जागा एकदाही तपासली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीतून ती सुटलेली होती. पुढच्यास ठेच लागली, पण मागच्याने आपल्या वाटेवर तो दगड शोधलाच नाही.

मग भट्टीचं वय मोजायचं कशात? माझं म्हणणं असं: झिजेची रीत ठाऊक असलेल्या आणि प्रत्यक्ष तपासलेल्या जागांत. जिथे नजर पोचलेली नाही, तेवढी भट्टी म्हातारी.

हे नुसतं सुभाषित नाही. 304 जातीच्या स्टेनलेस पोलादाचा वेल्डशेजारचा तुकडा घ्या. बाहेरून लखलखीत. तो घासून, पॉलिश करून ऑक्झॅलिक आम्लात विजेच्या प्रवाहाने कोरा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. धातूच्या कणांभोवती काळे खोल चर दिसतात, शेताभोवती खणावेत तसे. वेल्डिंगच्या उष्णतेने कार्बनने तिथलं क्रोमियम बांधून टाकलेलं असतं, त्यामुळे कणांची सीमा उघडी पडते. त्यात ओढीचा ताण आणि ऑक्सिजन असलेलं गरम पाणी मिळालं की भेग त्या चरांतूनच वाट काढते. दुबळा धातू, ताण आणि पाणी ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय काढला की भेगेला आधार उरत नाही. म्हणून कमी कार्बनचं पोलाद वापरतात, पाण्यात हायड्रोजन सोडतात, सांध्यातला ताण उतरवतात. 1974 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेस्डेनच्या नळांत अशा भेगा दिसल्यावर जग हे शिकलं.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ड्रेस्डेनच्याच जातकुळीच्या. दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर ती जनित्रं वगळून त्यांची क्षमता 210 वरून 160 मेगावॉटवर आणली गेली, आणि 2020 पासून दोन्ही भट्ट्या थांबवून पुनरभिसरणाचे नळ बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. ज्यांना यात तारापूरची हार दिसते त्यांच्याशी मी सहमत नाही. वीज थांबवून नळ बदलणं हीच उत्तम प्रथा. विजेच्या आकड्यापेक्षा सांध्याचा अहवाल वरचढ ठरला, हे त्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आता दोन गोष्टी व्हायला हव्यात. तारापूरच्या तपासणीचा गोषवारा, म्हणजे कुठले सांधे पाहिले, काय सापडलं, काय बदललं, हे बोईसर-पालघरच्या माणसाला मराठीत वाचायला मिळालं पाहिजे. विश्वास ठेवा असं सांगण्याने विश्वास बसत नाही. नोंद वाचली की बसतो. आणि गोरखपूरला भट्टी तापण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या सांध्याची, प्रत्येक नलिकेची जाडी मोजून ठेवावी, मूळ धातूचे तुकडे जपून ठेवावेत. पन्नास वर्षांनी कुणी अभियंता तिथे मापक टेकवेल, तेव्हा ताडून पाहायला त्याच्या हाती आजचा आकडा असला पाहिजे. तो लिहायची वेळ आत्ताची आहे. भट्टी एकदा पेटली की कोऱ्या धातूचं माप पुन्हा घेता येत नाही.