स्वस्त चाकूची पारख

खिशात बाळगावयाचा मिटता चाकू ही वस्तू लहान खरी. परंतु शेतावर, बागेत व स्वयंपाकघरात तिचे काम दिवसातून दहा वेळा पडते. सुंभ कापावयाचा, कलम करावयाचे, कैरी चिरावयाची, मुलांच्या पेन्सिलीस टोक करावयाचे. असा चाकू विकत घेताना घरोघरी दोन मते आढळतात. स्वस्त ते टाकाऊ, हे एक. आणि चाकू तो चाकू, मिळेल तो घ्यावा, हे दुसरे. आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. किंमत कमी झाली ती कशाला काट देऊन, हे पाहिल्यावाचून स्वस्त वस्तूस बरे किंवा वाईट म्हणता येत नाही.

फ्रान्सच्या डोंगराळ साव्हॉय प्रांतातील ओपिनेल चाकू हे याचे चांगले उदाहरण आहे. अवजारे घडविणाऱ्या घराण्यातील जोसेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या तरुणाने १८९० साली तो प्रथम केला. १८९७ साली त्याने १ पासून १२ पर्यंत क्रमांकांची मापे ठरविली. गिऱ्हाईक शेतकरी, तेव्हा किंमत त्याला झेपेल अशीच हवी होती. पोलादी पाते, लाकडी मूठ, एक रिव्हेट आणि मुठीच्या तोंडाशी धातूचे कडे, एवढाच तो चाकू. पाते उघडल्यावर बोटांवर मिटू नये म्हणून १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी त्यावर दुसरे फिरते कडे बसविले. म्हणजे भाग अवघे पाच. स्प्रिंग नाही, नक्षी नाही. काटकसर झाली ती भागांच्या संख्येत आणि सजावटीत. पाते मात्र उत्तम पोलादाचे, नीट पाणी दिलेले आणि पातळ. म्हणूनच सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी तो चाकू खपतो आहे.

त्यात दोष नाहीत असे नव्हे. लाकूड भिजले की फुगते व पाते मुठीत अडकते. अशा वेळी मुठीचे बूड टेबलावर ठोकून पाते बाहेर काढण्याची तेथील लोकांची जुनी रीत आहे. साध्या पोलादाचे पाते कैरी किंवा चिंच कापल्यावर काळवंडते, आणि ओले राहिल्यास गंजते. काळवंडण्याने बिघडत नाही; गंजाने बिघडते.

जपानमधील मिकी गावचा हिगोनोकामी चाकू याच जातीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो निघाला. त्याची मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा. पात्याच्या मागे एक लहान शेपूट असते. त्यावर अंगठा दाबून पाते उघडावयाचे व अंगठ्यानेच धरून ठेवावयाचे. खटका मुळीच नाही. चांगल्या हिगोनोकामीच्या पात्यात मध्ये कठीण पोलाद व दोन्ही अंगांस मऊ लोखंड असते. एके काळी तेथील शाळकरी मुलांजवळ पेन्सिल तासण्यास तो सर्रास असे. १९६० साली एका राजकीय पुढाऱ्याचा भर सभेत शस्त्राने खून झाल्यानंतर मुलांच्या हाती पाती देऊ नयेत अशी चळवळ झाली, आणि कारागीर एकामागून एक बंद पडले. चाकू वाईट ठरला म्हणून नव्हे, तर तो वापरावयास शिकविणे सुटले म्हणून गिऱ्हाईक गेले.

आता आपल्या बाजारात किंवा फेस्ताच्या जत्रेत मांडलेल्या चाकूंकडे वळू. चकचकीत मूठ, आत कात्री, बाटली उघडण्याचा आकडा, आणि किंमत नाममात्र! एवढे भाग एवढ्या पैशांत बसवावयाचे तर काट बहुधा पोलादालाच बसते. सबब घेताना पाते उघडून दोन बोटांत धरावे व आडवे हलवून पाहावे. खुळखुळले तर तो चाकू ठेवून द्यावा. मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसले पाहिजे, एका बाजूस घासता कामा नये. खटका असल्यास तो दर वेळी पुरता बसतो की नाही, हे पाठीकडून जपून दाबून पाहावे. घरी आणल्यावर पात्याच्या मागील भागावर बारीक कानस हलकेच फिरवावी. कानस घसरली तर पाणी नीट दिलेले आहे. सहज खरवडू लागली तर पोलाद मऊ आहे, त्याची धार टिकावयाची नाही.

जपणूकही फारशी कठीण नाही. काम होताच पाते पुसून कोरडे करावे. सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. सहाणेवर पाते नेहमी एकाच कोनात धरून दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. बोथट चाकूला जोर अधिक लावावा लागतो, तो निसटतो आणि हात कापतो. धारेच्या चाकूने अपघात कमीच होतात.

मुलांच्या बाबतीत आमचे मत असे की, चाकू लपवून ठेवण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी जवळ बसून तो शिकवावा: पाते अंगापासून दूर चालवावे, दुसऱ्याच्या हाती देताना मिटून द्यावे, आणि काम संपताच जागेवर ठेवावे. साधा, नीट घडविलेला चाकू आणि त्याला धार लावण्याचे ज्ञान ही दोन्ही बापाकडून मुलाकडे जाऊ शकतात. चकचकीत चाकू मात्र पुढच्या जत्रेपर्यंतही टिकत नाही, आणि वर्षाला एक घेता घेता तोच महाग पडतो.