नाल्याला अभियंता हवा

धाम नदीचा विषय निघाला की आमच्या वर्धा जिल्ह्यात बोलणे महाकालीच्या धरणाकडे, नाही तर पवनारच्या आश्रमाकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आंजी (मोठी) आणि तिच्या आसपासच्या गावांचे सुखदुःख ज्यांच्यावर प्रत्यक्ष अवलंबून आहे, ते प्रवाह म्हणजे शिवाराशिवारांतून धामेकडे उतरणारे, वैशाखात कोरडे पडणारे, गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी बुजलेले, आणि मृगाच्या एका जोरदार पावसात काठची नुकती पेरलेली वावरे खरडून नेणारे नाले होत. त्यांच्यासाठी योजना निघतात, अंदाजपत्रके मंजूर होतात, पोकलेनच्या तासांची देयके अदा होतात. मात्र एखादा नाला उगमापासून संगमापर्यंत एकाच अभियंत्याच्या जबाबदारीत दिला आहे, असा शिरस्ता आपल्याकडे पडलेला नाही. तो पडला पाहिजे, एवढेच मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

नाला खणणे सोपे आहे. त्याचा स्वभाव ओळखणे कठीण. आमची काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी फारसे आत घेत नाही, आणि तिच्याखाली मुरूम व काळ्या पाषाणाचे असे थर आहेत की एकात फटी आणि पोकळ्या असाव्यात, तर त्याला लागून असलेला दुसरा जवळजवळ अभेद्य असावा. अशा भूमीत वळणे काढून नाला सरळ केला की त्याची लांबी घटते, उतार वाढतो आणि पाणी मुरण्याऐवजी धावू लागते. आणि अविचाराने खोल नेताना विहिरींना पाणी पुरविणारा थरच कापला गेला, तर काठच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरून वाहून जाते. सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात खोलीकरणाचे जे काम उभे केले, त्याला तेथील भूस्तराचा आधार होता. त्याचे अनुकरण भूस्तर न पाहता जेथे जेथे झाले, तेथे खोली आली पण विवेक आला नाही. 2014 च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर जाणकारांनी घेतलेला मुख्य आक्षेपही हाच होता की माथ्यावरचे बांध आणि समतल चर मागे राहिले, आणि यंत्रांचा सारा भर पायथ्याच्या नाल्यावर पडला. आमच्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील तामसवाड्याच्या नाल्यावर, संपूर्ण पाणलोटाचा एकत्र विचार करून झालेले काम दाखला म्हणून समोर असताना, असे व्हावे हे अधिकच खेदजनक आहे.

याच संदर्भात मला विलासराव साळुंखे यांची कारकीर्द पुनःपुन्हा आठवते. पुण्यात सूक्ष्म मापनाच्या उपकरणांचा कारखाना चालविणारा हा यंत्र-अभियंता 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेला, नायगाव येथे देवस्थानाची सोळा हेक्टर उजाड जमीन त्याने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली, आणि उतारावर बांध घालीत, पडलेल्या पावसाचा हिशेब ठेवीत, त्या एका डोंगरउतारावर त्याने आयुष्याची अनेक वर्षे वेचली. पुढे त्याच्या पाणी पंचायतीचा जो नियम प्रसिद्ध झाला, की पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात वाटावे, तो त्याच भूमीवरच्या अनुभवातून सिद्ध झाला होता. साळुंखे 2002 मध्ये निवर्तले. त्यांना बदलीचा हुकूम कधी आला नाही, आणि माझ्या मते त्यांच्या यशात या गोष्टीचा वाटा त्यांच्या बुद्धिमत्तेहून फार कमी नव्हता.

सरकारी अभियंत्याचे मात्र असे होत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत नाल्याची भाषा त्याला कळू लागते न लागते तोच तो दुसऱ्या तालुक्यात रुजू होतो, आणि त्याच्यामागे मोजमाप-पुस्तक उरते, ज्यात किती घनमीटर माती उचलली ते असते, विहिरीची पातळी किती चढली ते नसते. मोठ्या शहरांतही याहून निराळे घडत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी-व्यवस्था ताशी सुमारे 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. मिठी नदीचा सविस्तर विचार करण्यासाठी माधवराव चितळ्यांसारख्या श्रेष्ठ अभियंत्याला पाचारण झाले, परंतु ते अनर्थ घडून गेल्यावर.

म्हणून जिल्हा परिषद आणि मृद व जलसंधारण विभाग यांनी मसलत करून निदान धामेच्या काही उपनाल्यांपुरता हा प्रयोग करावा: गावाची हद्द न मानता एक नाला, एक अभियंता, दहा वर्षांची मुदत; त्याच्या बढतीला या स्थैर्याची बाधा येऊ नये; आणि पहिले सबंध वर्ष त्याने एकही यंत्र न लावता, धुऱ्याधुऱ्याने हिंडून, ओघळी नकाशावर उतरवून, विहिरींची पातळी पावसाळ्याआधी व नंतर नोंदवून काढावे. या वर्षात खर्ची पडलेला निधी दिसणार नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे खुलासा मागू नये.