जुने रॉकेट विकणे आहे



'विकणे आहे' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिलाई मशीन येते, लोखंडी कपाट येते, फार तर जुनी स्कूटर. कांजूरमार्ग पूर्वेच्या आमच्या वस्तीत गेल्या महिन्यापासून एक वेगळीच वस्तू विकायला निघाली आहे. सात फूट लांब, चार इंच व्यासाचे, फायबरच्या नळीचे रॉकेट. खाली तीन पंख, वर टोकदार नाक, पोटात घडी घातलेले पॅराशूट. माळ्यावर मावत नाही म्हणून ते घराच्या भिंतीला, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आडवे टांगून ठेवले आहे. पाहायला पोरे गर्दी करतात.

मालक म्हणजे महापालिकेच्या सफाई खात्यात नोकरी करणाऱ्या आमच्या एका बांधवाचा मुलगा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि तीन मित्रांनी वर्गणी काढून, रात्री जागून हे रॉकेट बांधले. एका स्पर्धेत, परवानगी घेतलेल्या मोकळ्या माळावर, संयोजकांनी दिलेल्या इंजिनावर ते एकदाच उडाले आणि पॅराशूटवर सुखरूप खाली आले. आता चौघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इकडे शिष्यवृत्तीची रक्कम अडकली आहे आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घ्यायला कॉलेज तयार नाही. म्हणून रॉकेट विकायचे. चौघांनी किंमत ठरवली बारा हजार, आणि तीन मित्रांनी आपला वाटा यालाच देऊ केला आहे. कागद कसा करायचा हे विचारायला बाप-लेक माझ्याकडे आले. कारकुनाकडे लोक कागदासाठीच येतात. पण त्यांच्याबरोबर मुलाची आजीही आली होती. तिचा प्रश्न कागदाचा नव्हता.

आजीचा प्रश्न नंतर सांगतो. आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण वस्तीत तिच्याबद्दल नाही नाही ते बोलले जात आहे.

अमेरिकेत छंद म्हणून रॉकेट उडवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९५७ पासून आहे. तिथे इंजिनांना अक्षरांनी ओळखतात. 'ए' हे लहान, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला जोर दुप्पट. 'जी' पर्यंतची इंजिने साधी समजतात. 'एच' पासून पुढे उच्च शक्तीची, आणि ती विकत घ्यायची तर संघटनेची परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो. तेही तीन टप्प्यांत. 'जी' ची हद्द १६० न्यूटन-सेकंद. आपल्या भाषेत सांगायचे तर साधारण आठ किलो वजन उचलण्याइतका जोर सलग दोन सेकंद. ऐकायला थोडा वाटतो, पण दोन-तीन किलोची नळी त्या जोरावर बघता बघता उंच जाते. म्हणूनच त्यांच्या सुरक्षेच्या नियमात सर्वांत लहान 'एच' इंजिनालाही माणसांनी किमान १०० फूट लांब उभे राहायचे असते. आमच्या गल्लीची रुंदी दहा फूट भरत नाही.

आपल्या मुलांना हा छंद परका वाटायचे कारण नाही. शेजारच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी 'विकास' इंजिने तयार झाली आहेत. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रथम' हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्हीने अवकाशात नेला. त्या आयआयटीला जाणारी कितीतरी मुले आमच्याच कांजूरमार्ग स्टेशनवर उतरतात. त्यांच्या मेसमध्ये, बागेत, साफसफाईला जाणारी माणसे मात्र आमच्या वस्त्यांतली, हेही खरे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या रॉकेटांची राष्ट्रीय स्पर्धा झाली ती उत्तर प्रदेशात, कुशीनगर जिल्ह्यात. तथागतांचे महापरिनिर्वाण झाले त्या भूमीवर देशभरातल्या मुलांची रॉकेटे उडाली, हे आपल्या किती विहारांत सांगितले गेले?

युद्धातला अग्निबाण तर आपल्या माणसांनी अंगावर झेलला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावात पेशव्यांच्या फौजेने तोफांबरोबर बाणांचाही मारा केला, असे इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. बाण म्हणजे त्या काळचे रॉकेटच.

इथेच आजीचा प्रश्न येतो. ती दर रविवारी विहारात येते, वर्षावासात ग्रंथवाचन चुकवत नाही. तिने विचारले, "भाऊ, उपासकानं शस्त्राचा धंदा करू नये असं भगवंतानं सांगितलंय ना? मग हे विकलं तर त्यात मोडतं का?"

प्रश्न सोपा नाही. अंगुत्तर निकायात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्राचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पहिलाच 'सत्थवणिज्जा'. मी आजीला म्हटले, या नळीत मारायचे काही नाही, नेम धरायची सोय नाही. ती वर जाते, उंची मोजते आणि छत्री उघडून खाली येते. घरातली विळी भाजीची असते तशी ही वस्तू शिकण्याची आहे. आजी म्हणाली, "विळीसुद्धा कुणाच्या हातात देतो ते बघावं लागतं."

तिच्या या बोलण्यामागे कारण होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळले. रॉकेटला गिऱ्हाईक आले होते, आणि तेही पंचवीस हजार द्यायला तयार. आपल्याच भागातले एक तरुण मंडळ. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रकवर रॉकेट उभे करायचे, पोटात फटाक्यांची दारू भरायची आणि बरोबर बारा वाजता सोडायचे, असा त्यांचा बेत. मंडळाचा अध्यक्ष आपलाच माणूस, आंदोलनात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला. त्याच्या मनात काही वाईट नाही. 'बाबासाहेबांचे रॉकेट आभाळात गेले पाहिजे' एवढीच त्याची हौस.

मी त्याला भेटलो आणि जे सांगितले ते इथेही लिहितो, कारण अशी हौस एका मंडळापुरती नसते. रॉकेटचे इंजिन म्हणजे दारू ठासलेली नळी नव्हे. आतले इंधन किती पृष्ठभागावर जळेल, किती वायू तयार होईल आणि तो मागच्या तोंडातून किती वेगाने बाहेर पडेल, याचे गणित आधी केलेले असते. फटाक्यांची दारू हे गणित पाळत नाही. ती एकदम पेटते, वायूला बाहेर पडायला वाट पुरत नाही, दाब वाढतो आणि नळी फुटते. मग ते रॉकेट राहत नाही, बॉम्ब होतो, आणि फायबरचे तुकडे लेझीम खेळणाऱ्या मुलींच्या अंगात घुसतात. त्यात विमानतळ जवळ, वर विजेच्या तारा, खाली हजारोंची गर्दी. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय छापून येईल, ते अध्यक्षांना मी सांगायची गरज पडली नाही. ते गप्प झाले. पटले असे मात्र म्हणाले नाहीत.

मुलापुढे पेच खरा आहे. पंचवीस हजारांत फी भागते. बारा हजारांत भागत नाही. बाप मला म्हणाला, "साहेब, विकल्यावर ते काय करतात त्याला आपण काय करणार?" मी या मताचा नाही. गिऱ्हाइकाने काय करायचे ते आपल्याला तोंडाने सांगितले आहे. ते ऐकून आपण माल दिला, तर आजी म्हणते तो वर्ज्य व्यापार तिथेच सुरू होतो, नळी रिकामी असली तरी.

आता कायद्याचे. १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्यात 'स्फोटक' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तीत फटाके, काडतुसे, डिटोनेटर यांच्या रांगेत 'रॉकेट' हा शब्दही आहे. या कायद्याचा आणि २००८ च्या नियमांचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे मुख्यालय आपल्या दीक्षाभूमीच्या शहरात, नागपुरात आहे. इंधन भरलेले इंजिन बाळगणे, विकणे, पाठवणे हे परवान्याचे काम, त्याला आपण हात लावायचा नाही. रिकाम्या नळीत पेटणारे काही नसते, ती स्फोटक नव्हे, हे शांतपणे विचार करणाऱ्याला कळते. पण रात्री अकराच्या नाकाबंदीत शांतपणे विचार कोण करतो? मुलगा काळासावळा, खांद्यावर सात फुटी नळी, ओळखपत्रावर आडनाव आपले. असल्या वेळी दुसऱ्याच्या मुलाला हसून सोडतील, आपल्याला बसवून ठेवतील, असा अनुभव घराघरात आहे. म्हणून कागद हवा.

आणखी एक. पॅराशूट बाहेर फेकण्यासाठी रॉकेटच्या आत चिमूटभर काळी दारू एका कुपीत भरतात. उड्डाणानंतर एखादी कुपी न पेटता आतच राहिलेली असू शकते. विकण्याआधी प्रत्येक कुपी उघडून, कॉलेजच्या जाणत्या शिक्षकांसमोर रिकामी केल्याची खात्री करावी. रेल्वेत धोकादायक माल नेला तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शंका नको म्हणून मी लोकलने न्यायलाच नको म्हटले. टेम्पो करा, नाक वेगळे काढा आणि पावती वरच्या खिशात ठेवा.

पावतीआधी मालकी. रॉकेट चौघांचे, तेव्हा चौघांच्या सह्या. कॉलेजने त्यात पैसे घातले असतील तर वस्तू कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते आणि निर्लेखन झाल्याशिवाय ती विकता येत नाही. इथे तसे नव्हते, तरी कॉलेजकडून तसे दोन ओळींचे पत्र घ्यायला लावले. खरेदीदार १८ वर्षांचा पूर्ण हवा. अज्ञानाशी केलेला करार रद्दबातल, हे बी.कॉम.ला घोकलेले अजून कामाला येते. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प. आणि ठळक अक्षरांत एक ओळ: 'इंजिन, इंधन व दारू यांशिवाय, फक्त सांगाडा.'

मालातले दोष मात्र लपवायचे नाहीत. जुने रॉकेट घेणाऱ्याने काय पाहावे, ते मुलानेच मला दाखवले आणि मी थक्क झालो. पंख नळीला जिथे चिकटतात तिथे नखाने दाबून बारीक चीर शोधायची. पॅराशूट उशिरा उघडले तर झटक्याने दोरी नळीला वरून खाली फाडत जाते, ती फाट रंगाखाली दडवता येते, म्हणून आतून बोट फिरवायचे. दोरी जळकी आहे का, नाक फार सैल किंवा फार घट्ट आहे का, उंची मोजणारे यंत्र नव्या बॅटरीवर चालते का, हे पाहायचे. वजनाचा मध्य आणि हवेच्या दाबाचा मध्य यांत किमान नळीच्या व्यासाइतके अंतर हवे, वजनाचा मध्य नाकाकडे. नव्या मालकाने शेपटीला जड काही लावले तर ते अंतर घटते आणि रॉकेट सरळ जात नाही. या रॉकेटच्या एका पंखाला उतरताना तडा गेला होता. त्याने तो सांधला आहे, आणि पावतीवर तसे लिहायला त्यानेच सांगितले.

जुनी वस्तू घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली होती. धनंजय कीरांच्या चरित्रात हे आहे.

आता दुसरे गिऱ्हाईक मिळाले आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची पाच मुले, त्यांत दोन मुली. त्यांना पुढच्या स्पर्धेत उतरायचे आहे आणि पहिले रॉकेट कोऱ्या नळीपासून बांधण्याइतका वेळ नाही. ती बारा नव्हे, साडेदहा हजारच देऊ शकतात. मुलाने होकार दिला आहे, आणि उड्डाणाच्या नोंदींची वहीही त्यांना द्यायचे कबूल केले आहे. बापाचा चेहरा अजून उतरलेला आहे.

फॉर्मची मुदत या महिनाअखेरीस संपते. कमी पडणारी रक्कम विहाराच्या शिक्षण निधीतून बिनव्याजी द्यावी, शिष्यवृत्ती जमा झाल्यावर त्याने ती परत करावी, असा ठराव मी येत्या रविवारच्या बैठकीपुढे ठेवत आहे. अनुमोदन द्यायचे मंडळाच्या अध्यक्षांनी काल फोनवर मान्य केले. मात्र डिप्लोमाची मुले रॉकेट न्यायला येतील त्याआधी ते एक दिवस विहारात, सर्वांना पाहता येईल असे, उभे करून ठेवावे, अशी त्यांची अट आहे. आजीची त्याला हरकत नाही.