वसतिगृहाची विसरलेली वाट

रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात आज प्रश्न शाळेचा नाही. तो उभा राहतो शाळा संपल्यावर. बारावीनंतर अभियांत्रिकी, परिचर्या वा कृषी शाखेकडे वळू पाहणाऱ्या मुलांना वाशीम, अकोला किंवा अमरावती गाठावी लागते, आणि तेथे शुल्काइतकेच खोलीचे भाडे व दोन वेळचे जेवण आडवे येते. सोयाबीनच्या एका हंगामावर वर्षाचा संसार तोलणाऱ्या घरात हा हिशेब मुलीच्या बाबतीत अधिक कठोरपणे मांडला जातो, आणि बहुधा तो तिच्याच विरुद्ध सुटतो.

हा पेच महाराष्ट्रातील जाणत्या पुढाऱ्यांनी फार पूर्वी ओळखला होता. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. ती बहुतांशी जातवार होती. त्या काळाच्या मानाने तेही मोठेच पाऊल होते. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच्या पुढे गेले. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. ते चालवताना लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. रयत शिक्षण संस्थेचे साताऱ्यातील हायस्कूल निघाले 1940 मध्ये, म्हणजे वसतिगृहानंतर तब्बल सोळा वर्षांनी. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी मुलाच्या भाकरीची सोय, मग इमारत! वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनीही 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था स्थापण्यापूर्वी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, तेही जातिभेद बाजूस सारून.

पुढच्या पिढीतील नेतृत्वाने मात्र हा क्रम उलटा केला. महाविद्यालये वाढली, त्यांत राहण्या-जेवण्याचा विचार मागे पडला. ती उणीव शासनाने रोख रकमेने भरू पाहिली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी निघालेल्या निर्वाह भत्त्याला तर पंजाबरावांचेच नाव आहे. ज्यांनी छात्रालय उभारले, त्यांच्या नावे आज खात्यात पैसे जमा व्हावेत, हा योगायोग बोलका आहे.

या योजना निरर्थक आहेत, असे मुळीच नव्हे. त्यांच्याविना कित्येकांचे शिक्षण थांबले असते. तथापि रक्कम हप्त्याने येते आणि घरमालक भाडे महिन्याच्या महिन्याला मागतो. शिवाय पैशाने खोली मिळते, सोबत मिळत नाही. शहरात नवख्या मुलाला परीक्षेचा अर्ज कोठे भरावा हे सांगणारा वरच्या वर्गातला मित्र वसतिगृहातच भेटतो. आणि योजना खात्याखात्यांत विभागल्यामुळे एका गावची मुले पुन्हा आपापल्या प्रवर्गाच्या दारी उभी राहतात. कर्मवीरांनी मोडलेली पंगतीची भिंत कागदावर नव्याने उभी राहते.

1998 मध्ये वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. शासनाची नजर येथे वळली आहे. गावचे पुढारी काय करणार, हा प्रश्न उरतो. हरिनाम सप्ताहासाठी गावोगावी धान्य आणि वर्गणी सहज जमते. त्याच रीतीने दहा-बारा गावांनी मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी एक घर भाड्याने घेणे, आणि पहिले घर मुलींसाठी घेणे, अवघड नाही. अवघड आहे ते रोज संध्याकाळी त्या घरात हजर राहणारी जबाबदार बाई शोधणे, आणि तिचा पगार वेळेवर देणे.